धारातीर्थी पडलेल्या सैनिकाचे नाव सार्वजनिक इमारतीला देताना

एखादा सैनिक धारातीर्थी पडल्याची बातमी येते आणि अंत्यसंस्काराची गर्दी पांगण्याच्या आतच कोणीतरी बोलून जाते की शाळेला, ग्रंथालयाला किंवा रुग्णालयाला त्याचे नाव द्यायला हवे. ही भावना खरी असते आणि तिचा मान राखलाच पाहिजे. मात्र त्या भरात दिलेला शब्द आणि भिंतीवर कोरलेले नाव यांच्यामध्ये बरेच काम असते, आणि ते जितके सावकाश व काटेकोरपणे होईल तितका त्या सैनिकाचा मान अधिक राखला जातो, असे माझे ठाम मत आहे. हे काम अंगावर घेणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत आधी घरच्यांकडे जावे. अर्ज, सह्यांची मोहीम किंवा वर्तमानपत्रातील निवेदन यांपैकी काहीही करण्यापूर्वी आई-वडील, जोडीदार आणि जाणती मुले यांना भेटून त्यांची इच्छा विचारावी, आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक त्यांना खरोखरच आहे हे विचारण्याच्या रीतीतूनच त्यांना कळावे. रोज येता-जाता ते नाव पाहणे काहींना सोसत नाही. काहींना इमारतीपेक्षा मुलांसाठी शिष्यवृत्ती हवी असते. कधी पत्नीचे आणि आई-वडिलांचे मत वेगळे पडते, आणि तेव्हा बाहेरच्याने कोणाचीही बाजू न घेता थांबावे हेच बरे. होकार मिळाला की तो लेखी घ्यावा आणि त्यातच नाव कसे लिहायचे, कोणते छायाचित्र वापरायचे, कार्यक्रम कोणत्या दिवशी नको, हेही टिपून ठेवावे. मृत्यूचा दिवस बाहेरच्यांना योग्य वाटतो खरा, पण अनेक घरांत त्या दिवशी चार माणसांसमोर उभे राहण्याचे बळ कोणातही उरलेले नसते.

त्यानंतर नोंदी पडताळाव्यात. पूर्ण नाव, सेवा क्रमांक, मृत्यूसमयीचा हुद्दा, पलटण, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि मिळालेली पदके ही माहिती बातम्यांमधून किंवा श्रद्धांजलीच्या फलकांवरून न उचलता सैन्याच्या अभिलेख कार्यालयाकडून लेखी मागवावी आणि घरातील कागदपत्रांशी ताडून पाहावी. वॉशिंग्टन येथे १९८२ साली उभारलेल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकभिंतीवर काही नावांची अक्षरे चुकली, इतकेच नव्हे तर युद्धातून जिवंत परतलेल्या काही जणांची नावेही चुकून कोरली गेली. एवढी काळजी घेऊन केलेल्या कामात हे होऊ शकते, तर आपल्या समितीने स्मरणावर विसंबण्याचे कारण नाही. हुद्दाही आदरापोटी वाढवू नये. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी रणगाड्यात वीरमरण आलेले अरुण खेत्रपाल हे सेकंड लेफ्टनंट होते आणि परमवीर चक्राच्या नोंदीत ते त्याच हुद्द्याने आहेत. त्या कोवळ्या हुद्द्यातच त्यांचे वयही आपल्याला दिसते.

मृत्यू कसा झाला, हे लिहिताना तर फारच सांभाळावे लागते. अमेरिकन सैनिक पॅट टिलमन २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात मारले गेले, तेव्हा ते शत्रूच्या गोळीबारात पडल्याचे जाहीर झाले आणि त्याच धर्तीवर पदकही दिले गेले. प्रत्यक्षात ते आपल्याच बाजूच्या गोळ्यांना बळी पडले होते आणि हे कुटुंबाला महिन्याहून अधिक काळाने सांगण्यात आले. अशा घटनेने सैनिकाचे मोल तसूभरही कमी होत नाही, पण दगडावर कोरलेले चुकीचे वाक्य घरच्यांना पुन्हा पुन्हा जखम करत राहते. म्हणून अधिकृत चौकशी पूर्ण होईपर्यंत फलकाचा मजकूर पक्का करू नये, आणि झाल्यानंतरही लढाईचे रसभरित वर्णन टाळून स्थळ, तारीख व पलटण एवढेच द्यावे. ‘शहीद’, ‘हुतात्मा’, ‘वीरमरण’ या शब्दांबाबतही आधी विचारून घ्यावे. आपल्या बोलण्यात ‘शहीद’ सर्रास येतो, पण भारतीय सैन्यदलांतील मृतांसाठी हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे. सरकारी ठरावात म्हणूनच ‘कर्तव्य बजावताना वीरमरण’ अशी रचना अधिक निर्धोक ठरते.

यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे: याचेच नाव का? त्याच परिसरातून आणखी कोणी पूर्वी पडले असेल, त्याला पदक मिळाले नसेल, त्याचे घर गरीब असेल किंवा त्याची बातमी कधी छापूनच आली नसेल, तर नव्या नावाची घोषणा त्या दुसऱ्या घराला काय सांगते, याचा विचार प्रस्ताव लिहिण्याआधी झाला पाहिजे. १९१७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाने हुद्दा, वंश किंवा धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृत सैनिकाची सारखीच आठवण राखण्याचे तत्त्व घेतले. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथील स्मारकावर पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांची ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत, हे त्या तत्त्वाचेच फळ. पण याच आयोगाने २०२१ साली कबूल केले की आफ्रिकेतील व आशियातील किमान १,१६,००० मृतांची नावाने नोंदच राहिली नव्हती. तत्त्व लिहून ठेवले तरी माणसे सुटतात. आपल्या परिसरातील सर्व मृत सैनिकांची यादी आधी करावी. इमारतीला एकाचे नाव देऊन आतल्या दालनांना इतरांची नावे देता येतात, किंवा प्रवेशद्वाराशी सर्वांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत लावता येतात.

इमारत निवडताना त्या माणसाचा तिच्याशी संबंध शोधावा. लखनऊच्या सैनिक शाळेला कारगिल युद्धात पडलेल्या कॅप्टन मनोजकुमार पांडे यांचे नाव आहे, आणि ते त्याच शाळेचे विद्यार्थी होते. तिथे शिकणाऱ्या मुलाला ते नाव कोणी समजावून सांगावे लागत नाही. असा धागा नसेल तरीही नाव देता येते, पण मग ते टिकवण्यासाठी अधिक खटपट करावी लागते.

इमारत ठरली की तिची मालकी कोणाकडे आहे आणि नाव देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे दोन वेगळे प्रश्न लेखी विचारावेत, कारण उत्तरे वेगळी निघू शकतात. अमेरिकेत टपाल कार्यालयाला नाव द्यायचे झाल्यास स्थानिक अधिकाऱ्याला तो अधिकारच नाही. त्यासाठी संसदेत विधेयक मांडावे लागते, प्रतिनिधिगृहातील समिती त्या राज्याच्या सर्व प्रतिनिधींचा पाठिंबा मागते, दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांची सही झाल्यावर आत फलक लागतो, आणि एवढे होऊनही कार्यालयाचा टपाली पत्ता मात्र बदलत नाही. आपल्याकडच्या इमारतीसाठी एखाद्या स्थानिक सभेचा ठराव पुरेल किंवा वरच्या खात्याची मान्यता लागेल. जे लागेल ते आधीच कळले, तर घरच्यांना चुकीची तारीख सांगण्याची वेळ येत नाही. जुन्या देणगीदाराच्या नावाने इमारत असेल तर देणगीचा करार काढून वाचावा. मृत्यूनंतर ठराविक वर्षे थांबण्याचा नियम आहे का, हेही विचारावे. अमेरिकेत डोंगर-नद्यांना व्यक्तींची नावे देणारे मंडळ मृत्यूनंतर पाच वर्षे जाऊ देते, आणि तशी सक्ती नसली तरी वर्षभर थांबणे मला हिताचे वाटते.

प्रस्ताव दोन पानांच्या आत बसवावा: सैनिकाचा पडताळलेला परिचय, इमारतीशी संबंध, कुटुंबाचे संमतिपत्र, प्रस्तावित नाव, खर्च कोण करणार आणि पुढची देखभाल कोणाकडे राहणार. हरकतींसाठी मुदत ठेवावी आणि आलेल्या हरकतीला उत्तर द्यावे, मग ती कितीही टोचणारी असो.

नावाच्या लांबीकडे मी विशेष लक्ष द्यायला सांगेन. हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, पदक, ‘स्मृती’, ‘सार्वजनिक’ हे सारे एका ओळीत रचले की लोक त्याची आद्याक्षरे करतात, आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तो माणूस तीन अक्षरांत हरवतो. जिभेवर बसेल असे नाव आणि इमारतीचा प्रकार एवढेच पाटीवर असावे. बाकीचे फलकावर जाऊ द्यावे.

तो फलक घडवण्यापूर्वी करायची एक गोष्ट अगदी साधी आहे. संपूर्ण मजकूर प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून ज्या भिंतीवर तो लागणार तिथेच, त्याच उंचीवर चिकटवावा आणि घरातल्या एखाद्या माणसाला तो बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगावे. संगणकाच्या पडद्यावर दहा जणांच्या नजरेतून निसटलेली वेलांटी आईच्या बोटाखाली सापडते. त्या प्रतीवर घरच्यांची सही घेऊन तीच कारागिराला द्यावी. मजकूर थोडाच असावा. ब्रिटिश आयोगाने समाधीशिळेवरच्या घरच्यांच्या ओळीसाठी ६६ अक्षरांची मर्यादा ठेवली होती आणि तेवढ्यात लोकांनी आपले सारे दुःख मांडले. अक्षरे चिकटवलेली नसावीत, गडद ग्रॅनाइटमध्ये खोल कोरलेली असावीत. उद्घाटकांची आणि समितीची नावे या फलकावर अजिबात नकोत. सैनिकाच्या नावाखाली त्याच्याहून मोठ्या अक्षरांत पाहुण्यांची नावे पाहिली की मला अतिशय वेदना होतात. ती हवीच असतील तर वेगळ्या, लहान पाटीवर द्यावीत.

समारंभ छोटा ठेवावा, पहिली रांग घरच्यांची आणि त्याच्या पलटणीतल्या साथीदारांची असावी, आणि भाषणे दोन पुरेत.

यापुढचे काम बहुधा कोणी करत नाही. नवे नाव शिक्क्यांवर, पत्रांच्या मथळ्यांवर, नकाशांत आणि बसथांब्यावर पोहोचले का, हे कोणीतरी महिनोन्‌महिने पाहावे लागते. शिकागोच्या ऑर्चर्ड फील्ड विमानतळाला १९४९ साली नौदलाचे वैमानिक एडवर्ड ओहेअर यांचे नाव दिले गेले, जे नोव्हेंबर १९४३ मध्ये उड्डाणातून परतले नाहीत. सामानाच्या चिठ्ठीवर मात्र आजही जुन्या नावाचीच ‘ओआरडी’ ही अक्षरे छापली जातात. नाव लाखोंच्या तोंडी आहे, पण ते माणसाचे आहे हे कळावे म्हणून तिथल्या एका टर्मिनलमध्ये त्यांनी चालवलेल्या प्रकारचे लढाऊ विमान ठेवलेले आहे. आपल्याला विमान ठेवता येणार नाही. एक छायाचित्र, एक पत्र, गणवेशाचा एखादा भाग, घरच्यांनी आनंदाने दिले तर, आणि खाली साध्या भाषेतल्या दहा ओळी ठेवता येतील.

ठराव, संमतिपत्र, अभिलेख कार्यालयाचे उत्तर आणि सही झालेली कागदी प्रत यांची एक फाइल इमारतीत आणि एक घरच्यांकडे राहावी, म्हणजे वीस वर्षांनी फलक बदलायची वेळ आली तर नवा कारागीर जुन्या, झिजलेल्या अक्षरांवरून अंदाज बांधणार नाही.