ग्रामीण निसर्गचित्राची रचना बघताना या चुका टाळा

झाडी, नदी, गाडी दिसली, 'किती शांत वाटतं!' म्हटलं आणि पुढच्या चित्राकडे वळलो. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. विषय आवडतो, रचना बघायची राहून जाते. उदाहरणाला इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (म्हणजे गवताची गाडी) घ्या (१८२१, नॅशनल गॅलरी, लंडन). स्टूर नदीच्या उथळ पाण्यात रिकामी घोडागाडी, डावीकडे विली लॉटचं घर, उजवीकडे दूरच्या कुरणात गवत भरणारे मजूर.

मूळ चित्र साधारण १३० बाय १८५ सेंमी आहे. त्याला नाक लावून उभं राहिलं तर फटकारे दिसतील, तोल दिसणार नाही. आधी तीन-साडेतीन मीटरवरून बघा, जवळ नंतर जा. मोबाइलवर बघत असाल तर चारही कडा शाबूत असलेली प्रतिमा घ्या. डावीकडचं घर कापलं गेलं की उजवीकडचं कुरण उगाच ओकंबोकं वाटतं.

दुसरी खोड म्हणजे चित्रावर एक-तृतीयांशाची जाळी (उभे-आडवे तीन-तीन समान भाग पाडणाऱ्या रेघा) टाकून गुण देणं. हा नियम १७९७मध्ये मांडणारा जॉन थॉमस स्मिथ तरुण कॉन्स्टेबलचा मार्गदर्शकच होता. पण स्मिथचा भर प्रमाणावर होता, जमीन किती आणि आकाश किती, उजेड किती आणि अंधार किती. रेघा जिथे छेदतात तिथे गाडी हवी, हा हट्ट नंतरचा.

त्यापेक्षा डोळे किलकिले करा. तपशील विरघळून गडद-उजळ ठोकळे उरतात: डावीकडे जड झाडी, उजवीकडे उजळ कुरण. मग प्रतिमेतला घोड्यांचा लाल साज बोटाने झाका. हिरव्या-तपकिरीत तो लाल एवढासा, पण तो गेला की गाडीची पकड सुटते, नजर भरकटते. कृष्णधवल प्रतीत हा लाल बराचसा हरवतो. म्हणून तिच्यावरून छटा तपासा, केंद्रबिंदू ठरवू नका.

आकाशाला उरलेली जागा समजू नका. कॉन्स्टेबलने १८२१च्या ऑक्टोबरमध्ये मित्र जॉन फिशरला लिहिलेल्या पत्रात आकाशाला निसर्गचित्राचा मूळ सूर म्हटलं आहे. 'द हे वेन' प्रदर्शनात मांडलं तेव्हा त्याचं नावही 'निसर्गचित्र: दुपार' अशा अर्थाचं होतं. ढगांमुळे कुरणावर ऊन-सावलीचे पट्टे पडतात आणि त्या पट्ट्यांमुळेच अंतर कळतं.

नदी किंवा वाट दिसली की 'नजर इकडून तिकडे जाते' असा मनाने बाण काढायचा मोहही आवरा. नजर हटवून पुन्हा बघा, असं दोन-तीनदा करा. ती दरवेळी आधी कुठे थांबते ते टिपा. बाण त्यानंतर.

अग्रभाग रिकामा वाटत असेल, तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं याच चित्राचं जवळपास त्याच मापाचं तैलरंगातलं स्केच शेजारी लावा. तिथे काठावर कुत्र्याजवळ घोडेस्वार आहे. अंतिम चित्रातून तो काढून टाकलाय. काठावर आता एकटा कुत्रा उरतो, आणि त्याच्या रोखावरून आपली नजर थेट गाडीवर जाते.