थर्टी फर्स्टला घेणार असाल तर एवढं करा भाऊ

आपल्या नागपुरात थर्टी फर्स्टची बाटली 8 वाजताच उघडते आणि सावजी मटण ताटात यायला 12 वाजतात, मधले चार तास फल्लीदाणे अन् चिवडा, तिथंच गडबड होते. म्हणून घरून वरणभात पोळी खाऊनच निघा, पोट भरलेलं असलं की दारू हळू चढते.

पेग मापूनच भरा. स्मॉल 30 मिली, लार्ज 60, पण मित्र अंदाजानं ओतून देतो तेव्हा त्याचे 90 कधी होतात समजतच नाही. आणि जे म्हणतात मी तर फक्त बियर घेतो त्यांनी जरा हिशोब करा, 8 टक्केवाल्या स्ट्राँगची 650 मिलीची एक बाटली म्हणजे 52 मिली अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे दोन लार्ज झाले की नाही! लिव्हर तासाला साधारण एक स्मॉल पेग पचवतं, कॉफी प्या, लिंबू चोखा, डोक्यावर थंड पाणी घ्या, त्याचा स्पीड वाढत नाही. चार लार्ज घेऊन रात्री 1 ला थांबलात तर सकाळी तर्री पोहे खायला गाडी काढाल तेव्हाही रक्तात असू शकते.

गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्यांदाच 10 हजार दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत जेल, दोन्ही पण होऊ शकते. गाडी नेऊच नका ना, नाहीतर न पिणाऱ्या एकाजवळ सगळ्यांच्या चाव्या आधीच देऊन ठेवा. झोपेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ग्लास हातात घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका वर्षी आम्ही मित्राला "झोपू दे त्याला" म्हणून गच्चीवर एकटा सोडला आणि खाली नाचून राहिलो होतो, वर गेलो तर उलटीत तोंड, अंग बर्फासारखं गार. दारूनं गरम वाटते पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते, आणि आपल्याकडची डिसेंबरची थंडी तर माहीतच आहे. वाचला तो, पण मला आजही ते आठवलं की कसंतरी होते. असा कोणी पडला तर कुशीवर वळवा, पांघरूण घाला, एकानं बाजूलाच बसा. हलवून उठत नसेल, श्वास थांबत थांबत असेल, ओठ निळे पडले असतील तर लगेच 108 लावा, घरचे काय म्हणतील ते सकाळी बघू.