पिलाटेस शिकवताना : पहिल्या काही तासांत शरीराची जाण कशी रुजवावी

जर्मनीत १८८३ साली जन्मलेल्या आणि १९२६च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या जोसेफ पिलाटेस यांनी आपल्या व्यायामपद्धतीला स्वतःचे नाव न देता ‘कंट्रोलॉजी’ म्हटले होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत. नव्या शिक्षकाला ते सगळे लवकरात लवकर शिकवून टाकण्याची घाई असते. माझ्या मते पहिल्या चार तासांत पाच-सहा हालचालींपलीकडे जाऊच नये, कारण आपली कंबर चटईला टेकली आहे की उचलली आहे, हे ज्याला अजून कळत नाही, त्याला पुढचा प्रत्येक व्यायाम मानेच्या आणि मांड्यांच्या जोरावर रेटावा लागतो.

सुरुवात उताणे निजून करावी. गुडघे वाकलेले, पावले कंबरेच्या रुंदीइतकी दूर आणि डोके फार मागे कलत असल्यास खाली घडी घातलेला टॉवेल, एवढी तयारी पुरते. दोन-तीन मिनिटे काहीही न करवता फक्त प्रश्न विचारावेत : कोणत्या टाचेवर भार अधिक आहे, दोन्ही खांद्यांचे फरे सारखेच टेकले आहेत का, कंबरेखालून हात सरकेल इतकी जागा आहे का. योगवर्गातून आलेली मंडळी या स्थितीत लगेच शवासनात शिरतात आणि एखाद्याला डुलकीही लागते; त्यामुळे प्रश्नांमध्ये फार अंतर ठेवू नये. उत्तर मोठ्याने द्यायला लावू नये. पहिल्या दिवशी हमखास कानावर पडणाऱ्या ‘बरोबर आहे ना?’ या प्रश्नाला ‘तुम्हाला काय जाणवते?’ असा प्रतिप्रश्न करावा, मग विद्यार्थी थोडा वैतागला तरी चालेल.

त्यानंतर श्वास. पोट फुगवून श्वास घेण्याची सवय अनेकांना असते. पिलाटेसमध्ये पोटाचे स्नायू हलके कार्यरत ठेवून श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे पसरवायचा असतो. हे तोंडी समजावण्यापेक्षा एखादी ओढणी खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळून तिची टोके विद्यार्थ्याच्याच हातात द्यावीत. नाकाने श्वास घेताना ओढणी ताणली जाते आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा तोंडाने सोडताना सैल पडते. ‘पोट आत ओढा’ ही सूचना मात्र टाळावी, कारण ती ऐकताच बहुतेक जण श्वास रोखतात आणि खांदे कानांकडे नेतात. त्याऐवजी ‘श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत येऊ द्या’ असे म्हणावे. बोलता-हसता येईल इतकाच तो ताण असावा.

खरा वेळ द्यावा तो श्रोणीच्या हालचालीला, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या त्या कटोऱ्याला. विद्यार्थ्याने दोन्ही तळव्यांचे मनगटाकडचे भाग कंबरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर आणि बोटांची टोके खाली जांघांच्या मधल्या हाडावर ठेवावीत. हातांचा एक त्रिकोण तयार होतो. कटोऱ्यात पाणी आहे अशी कल्पना करावी : ते बेंबीकडे कलवले की कंबर चटईला टेकते, पायांकडे कलवले की कमान येते. दोन्ही टोकांना सात-आठ वेळा, दर वेळी कमी-कमी अंतर जाऊन परत यावे, म्हणजे त्रिकोण जमिनीला समांतर राहतो ती मधली जागा विद्यार्थ्याला आपोआप सापडते. शिक्षकाने ती हाताने धरून दाखवली तर तो दिवस साजरा होतो, पण पुढच्या आठवड्यात जागा पुन्हा हरवते. स्वतः पिलाटेस पाठ चटईला सपाट टेकवण्यावर भर देत; नैसर्गिक बाक राखणारी ही मधली स्थिती पुढच्या शिक्षकांनी रूढ केली. त्यामुळे दोन वर्गांत दोन सूचना ऐकून गोंधळलेल्या विद्यार्थ्याला हा फरक सांगून टाकणे चांगले.

एवढे जमले की कंबर एकेक मणका सोडवत वर उचलण्याचा पूल घ्यावा. सेतुबंधासन येणारे विद्यार्थी कंबर एका झटक्यात वर नेतात. त्यांना अर्ध्या वेगाने खाली यायला सांगावे आणि कुठले मणके एकत्रच, गठ्ठ्याने टेकतात ते शोधायला लावावे. एका पायाची वर्तुळे करवतानाही उजव्या पायाची पाच-पाच झाल्यावर लगेच डावीकडे न वळता दोन्ही पाय लांब सोडून अर्धा मिनिट थांबावे. उजवा पाय जड, लांब किंवा मोकळा वाटतो, आणि हा फरक शिक्षकाच्या दहा वाक्यांपेक्षा अधिक शिकवून जातो.

‘हंड्रेड’ हा प्रसिद्ध व्यायाम, म्हणजे पाच अंक श्वास आत, पाच अंक बाहेर, अशा दहा श्वासांत हातांचे शंभर ठोके, प्रथम डोके आणि पावले जमिनीवरच ठेवून तीन-चार श्वासांपुरता करवावा. मान आखडू लागली की आकडा पुरा करण्याचा हट्ट सोडावा.

स्पर्श करण्यापूर्वी दर वेळी परवानगी घ्यावी. हाडे ठिसूळ झालेल्यांना पाठ गोल करून पुढे वाकण्याचे, उठून बसण्याचे आणि चेंडूसारखे लोळण्याचे व्यायाम देऊ नयेत. गर्भारपणी पहिल्या तीन महिन्यांनंतर फार वेळ उताणे निजवू नये. पायात मुंग्या किंवा कळ उतरत असल्यास आधी डॉक्टरांकडे पाठवावे.

तासाच्या शेवटी सर्वांना अनवाणी उभे करून टाच आणि चवडा यांवरचा भार पुन्हा तपासायला लावावा, आणि एकच गृहपाठ द्यावा : भांडी घासताना किंवा बसथांब्यावर उभे असताना दिवसातून एकदा तोच भार पाहणे. पुढची पायरी, म्हणजे निजलेल्या स्थितीतून मणका-मणका उचलत उठून बसणे, केव्हा द्यायची याची माझी खूण साधी आहे. पुलातून खाली येताना कंबर धप्पकन टेकल्यावर विद्यार्थी कोणी न सांगता थांबतो, पुन्हा वर जातो आणि सावकाश उतरू लागतो, त्या दिवशी ती द्यावी.