निरोप नेमका कोठे अडला, हे कसे शोधावे : संज्ञापनाचे घटक आणि प्रतिमाने वापरण्याची रीत

संज्ञापनाची, म्हणजे निरोपाच्या देवाणघेवाणीची, प्रतिमाने (मॉडेल) बहुतेकांना परीक्षेपुरतीच भेटतात. चौकट, बाण, पुन्हा चौकट अशी आकृती काढायची, शेजारी साल लिहायचे आणि गुण पदरात पाडून घ्यायचे, एवढाच त्यांचा संबंध उरतो. वास्तविक ज्यांनी ही प्रतिमाने मांडली त्यांच्यापुढे ठोस प्रश्न होते : तारेतून जाणारा संकेत शाबूत कसा पोचवावा, प्रचाराचा अभ्यास कोणत्या अंगांनी करावा, वृत्तपत्र आणि रेडिओचा लोकांच्या निर्णयावर परिणाम होतो तो कसा. म्हणून त्यांचा खरा उपयोगही अडचणीच्या वेळीच आहे. दिलेला निरोप पोचला नाही, तर तो वाटेत कोठे अडला हे त्यांच्या साहाय्याने शोधता येते. ही रीत येथे सोलापुरातील दोन प्रसंगांवर दाखवली आहे. एक कारखान्याच्या सूचनाफलकाचा आणि दुसरा गड्डा यात्रेतील ध्वनिक्षेपकाचा.

आधी घटक वेगळे करावेत

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात फाटकाजवळच्या फळ्यावर पुढील कागद लावला आहे, असे समजा : ‘शिलाई विभागातील सर्व कामगारांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव येत्या सोमवारपासून कामकाजाच्या वेळेत बदल करण्यात येत असून सुधारित वेळेची सर्व संबंधितांनी नोंद घेऊन सहकार्य करावे.’ सोमवारी निम्म्या बायका जुन्याच वेळेला येतात आणि कार्यालयात एकच वाक्य ऐकू येते : ‘नोटीस तर लावली होती.’

येथे प्रेषक म्हणजे कारखानदार किंवा त्याच्या वतीने सही करणारा व्यवस्थापक. संदेश म्हणजे वेळेतील बदल. हा बदल शब्दांत बांधण्याच्या क्रियेला संकेतन म्हणतात आणि वाचणारीने त्या शब्दांतून अर्थ काढण्याच्या क्रियेला विसंकेतन. माध्यम म्हणजे तो छापील कागद आणि फळा. ग्राहक म्हणजे निरोप घेणारे, येथे शिलाई विभागातील कामगार. अडथळा, प्रतिसाद आणि संदर्भ हे तीन घटक मात्र कागदावर दिसत नाहीत आणि म्हणूनच ते सुटतात. विशेषतः संदर्भ. ज्या सकाळी नळाला पाणी येते, त्या सकाळी घरातून तासभर आधी निघणे म्हणजे काय, हे व्यवस्थापकाच्या हिशेबात नसते. वाचणारीच्या डोक्यात मात्र सूचना वाचताक्षणी तोच विचार आधी येतो. घटक कागदावर एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे प्रत्यक्ष माणूस, वस्तू किंवा वेळ लिहावी. ‘ग्राहक : कामगार’ असे लिहून भागत नाही. ‘शिलाईच्या बायका, काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, मराठी सगळ्यांना समजते, परंतु सगळ्यांना वाचता येतेच असे नाही’ इतके लिहावे.

पहिली चाळणी : पाच प्रश्न

वक्ता, भाषण आणि श्रोता ही त्रयी ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच मांडली होती, आणि वक्त्याची विश्वासार्हता हे मन वळवण्याचे एक प्रमुख साधन असल्याचेही त्याने सांगितले होते. आपल्या फळ्याला हे लागू पडते. मागील वेळी लावलेली सूचना दोन दिवसांत गुपचूप फिरवली गेली असेल, तर या वेळी कामगार थांबून वाट पाहणारच.

परंतु तपासणीची सुरुवात मी हॅरल्ड लासवेल याच्यापासून करण्यास सांगेन. या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये पाच प्रश्न मांडले : कोण, काय सांगतो, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामासह. त्याचा मूळ अभ्यासविषय प्रचार हा होता, त्यामुळे या प्रतिमानात ऐकणाऱ्याचा आवाज परत येण्याची वाट नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. तरीही पहिल्या चाळणीसाठी इतके स्वस्त साधन दुसरे नाही. वरील सूचनेला ‘काय सांगतो?’ हा प्रश्न विचारून पाहावा. नवी वेळ कोणती, हे त्या कागदात कोठेही नाही. ‘सुधारित वेळ’ हा शब्द आहे, वेळ नाही. भाषा, छपाई, फळ्याची जागा यांवर चर्चा करण्याआधी संदेशात संदेश आहे की नाही हे पाहावे. निम्मी दुरुस्ती येथेच होते.

गोंगाटाचा हिशेब

क्लॉड शॅनन हा बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ आणि अभियंता होता. त्याने १९४८ मध्ये मांडलेल्या आणि १९४९ मध्ये वॉरन वीव्हर याच्या विवेचनासह पुस्तकरूपाने आलेल्या प्रतिमानात माहितीचा उगम, प्रक्षेपक, मार्ग, ग्राहकयंत्र आणि गंतव्य असे टप्पे आहेत आणि मार्गावर बाहेरून घुसणारा गोंगाट आहे. संदेशाचा अर्थ काय, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या दृष्टीने गैरलागू आहे, असे शॅननने स्वतःच स्पष्ट केले होते. म्हणून माणसांच्या गैरसमजाचे सारे खापर या प्रतिमानावर फोडणाऱ्यांची टीका मला काहीशी अन्यायाची वाटते. पुढे वीव्हरने प्रश्नाचे तीन स्तर सांगितले : संकेत अचूक पोचले का, अपेक्षित अर्थ पोचला का, आणि त्यानुसार वर्तन घडले का.

शॅननची आणखी एक संकल्पना व्यवहारात फार कामाची आहे, ती म्हणजे पुनरुक्ती. सामान्य इंग्रजी मजकुरात सुमारे ५० टक्के भाग पुनरुक्तीचा असतो, असा अंदाज त्याने १९४८ च्या लेखात दिला होता. म्हणजे काही अक्षरे पुसली गेली, तरी उरलेल्यांवरून वाचणारा मजकूर जुळवू शकतो. संदेशातील हा जास्तीचा भाग वायफळ नसतो. गोंगाटाच्या विरोधात तो राखीव म्हणून उपयोगी पडतो.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी होम मैदानावर गड्डा भरतो, तेव्हा हे लख्ख दिसते. पाळण्यांचे आवाज, विक्रेत्यांच्या आरोळ्या, दहा दिशांनी येणारी गाणी, आणि त्यातच हरवलेल्या मुलाची घोषणा करायची आहे. ‘एक मुलगा सापडला आहे, पालकांनी त्वरित संपर्क साधावा’ ही घोषणा व्याकरणाला निर्दोष आणि उपयोगाला शून्य आहे. तिच्याऐवजी असे म्हणावे : ‘लहान मुलगा सापडला आहे. वय पाच वर्षे. पिवळा शर्ट, पिवळा. निळी चड्डी. तो तेलुगू बोलतो. पोलीस मदत केंद्रात या. मुलगा पोलीस मदत केंद्रात आहे.’ वाक्ये आखूड ठेवावीत, कारण लांब वाक्याचा मधला भाग पाळण्याच्या आवाजात गेला तर उरलेले तुकडे जुळत नाहीत. ओळखीची खूण आणि जागा दोनदा सांगावी. माइक ओठांना चिकटवू नये; आवाज फुटतो आणि ‘पिवळा’ की ‘निळा’ हे कळत नाही, म्हणजे येथे गोंगाट निर्माण करणारा स्वतः प्रेषकच असतो. मराठीनंतर तीच घोषणा तेलुगू आणि कन्नडमध्ये करावी. या मुलाची आई कोणत्या भाषेतील हाक आधी पकडेल, हे उघड आहे. शेवटी, मुलाचे सगळेच वर्णन ध्वनिक्षेपकावर देऊ नये. अंगावरची एखादी खूण राखून ठेवावी आणि घ्यायला येणाऱ्याला ती विचारावी.

फळ्यावरही हाच नियम लागू होतो. नुसते ‘सोमवारपासून’ किंवा नुसते ‘१६ तारखेपासून’ न लिहिता ‘सोमवार, १६ तारखेपासून’ असे लिहावे. एक भाग पुसला गेला तर दुसरा तग धरतो. दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील, तर निदान चूक झाल्याचे वाचणाऱ्याच्या ध्यानात येते.

अर्थ दोघांच्या सामाईक भागात असतो

विल्बर श्रॅम या अमेरिकन संज्ञापन-अभ्यासकाने १९५४ मध्ये दोन गोष्टींवर भर दिला. एक, मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑस्गुडच्या विचाराच्या आधाराने त्याने संज्ञापन वर्तुळाकार दाखवले. दोन्ही बाजू संकेतनही करतात आणि विसंकेतनही. दुसरे, प्रेषक आणि ग्राहक यांची अनुभवक्षेत्रे जेथे एकमेकांवर येतात, तेवढ्याच भागात अर्थाची देवाणघेवाण होते. ‘अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव’ हे शब्द व्यवस्थापकाच्या क्षेत्रात आहेत, शिलाई मशीनवर बसणारीच्या नाहीत. ‘टॉवेलचा माल लवकर बांधून गाडीत चढवायचा आहे’ हे कारण दोघांच्याही क्षेत्रात आहे. तेच लिहावे.

डेव्हिड बर्लो याच्या १९६० च्या प्रतिमानावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. संदेशासाठी कोणती ज्ञानेंद्रिये वापरली जातात, आणि प्रेषक व ग्राहक यांची कौशल्ये, दृष्टिकोन, ज्ञान, समाजव्यवस्था आणि संस्कृती यांत अंतर किती आहे, याची पडताळणी-यादी म्हणून ते वापरावे. आपल्या कारखान्यापुरता त्याचा निष्कर्ष इतकाच की, सूचना केवळ डोळ्यांवर सोपवू नये, कानांवरही घालावी. मात्र साध्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. त्या शेडलगत उभे राहून सांगणे म्हणजे न सांगणेच. जेवणाच्या सुट्टीत, मागांपासून दूर, डबे उघडण्याआधी सांगावे.

आणि कोणी सांगावे? एलिहू काट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांच्या १९५५ च्या पुस्तकातून दोन टप्प्यांच्या प्रवाहाची कल्पना सर्वत्र परिचित झाली. तिची बीजे १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या अभ्यासात होती. प्रसारमाध्यमांतील विचार आधी काही मतनेत्यांपर्यंत जातात आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारखान्यात मतनेता म्हणजे सुपरवायझर असेलच असे नाही. बहुधा ती एखादी जुनी कामगार असते, जिला सगळ्या अक्का म्हणतात आणि बोनसपासून नवसापर्यंत सगळे आधी तिला विचारतात. कागद फळ्यावर लागण्यापूर्वी तो अक्कांना दाखवावा. तिला हुकूम म्हणून नव्हे, तर मत विचारण्यासाठी दाखवावा. ‘सोमवारी आमच्या गल्लीत पाणी येते, मंगळवारपासून करा’ ही माहिती कार्यालयाला दुसऱ्या कोणाकडूनही मिळणार नाही.

डीन बार्नलंड याने १९७० मध्ये मांडलेले व्यवहारात्मक प्रतिमान येथे आठवावे. दोन्ही पक्ष एकाच वेळी संदेश देत आणि घेत असतात, कोणीही निव्वळ ऐकणारा नसतो. सूचना सांगताना सुपरवायझर घड्याळाकडे पाहत राहिला, तर ‘प्रश्न विचारू नका’ हा दुसरा निरोप त्याने दिलेलाच असतो.

आपल्याकडील साधारणीकरणाची, म्हणजे एकाचा भाव सर्वांना आपलासा वाटण्याची, कल्पनाही अलीकडे संज्ञापनाच्या चर्चेत आणली जाते. भट्टनायक या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ती रसास्वादाच्या संदर्भात मांडली आणि तिला सहृदय, म्हणजे समरस होऊ शकणारा, ग्राहक अपेक्षित आहे. नाटक, कीर्तन, भारूड यांचा विचार करताना ती श्रॅमपेक्षा खोल जाते. कामाच्या वेळेच्या सूचनेवर तिचा भार टाकू नये.

दुरुस्त केलेली सूचना

अक्कांचे म्हणणे मान्य करून, एवढ्या तपासणीनंतर फळ्यावरचा कागद असा होईल :

‘शिलाई विभागाची वेळ बदलली आहे. मंगळवार, १७ तारखेपासून काम सकाळी ८ वाजता सुरू होईल आणि संध्याकाळी ५ वाजता सुटेल. आतापर्यंत वेळ ९ ते ६ होती. माल संध्याकाळच्या गाडीत चढवायचा असल्यामुळे हा बदल केला आहे. कोणाला अडचण असल्यास शनिवारपर्यंत सुपरवायझरना सांगावे.’

८ आणि ५ हे आकडे मोठे, ठळक आणि दुरून दिसतील असे छापावेत. खाली तेलुगू आणि कन्नडमध्ये तोच मजकूर द्यावा. तो त्या भाषा घरी बोलणाऱ्याकडून वाचून घ्यावा.

प्रतिसाद घेताना ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. शनिवारी सुटीच्या वेळी फाटकाशी तीन-चार जणींना, त्यातही ज्या फळ्याजवळ कधी थांबत नाहीत त्यांना, ‘मंगळवारी किती वाजता येणार?’ असे विचारावे. ‘नऊ’ हे उत्तर आले, तर ती चुकली असे न मानता तिच्यापर्यंत निरोप कोणत्या वाटेने गेला आणि कोठे थांबला, हे घटकांच्या यादीत शोधावे. ‘आठ, पण सोमवारपासून’ हे उत्तर आले, तर संकेत पोचला आहे आणि तपशील हरवला आहे. वार मोठ्या अक्षरांत करून कागद पुन्हा लावावा. बदल लागू होऊन आठवडा उलटला की तो कागद फळ्यावरून काढून टाकावा. गेल्या दिवाळीपासूनच्या सूचनांनी भरलेला फळा कोणी वाचत नाही, आणि पुढची सूचना मग कितीही नेटकी लिहिली तरी तिच्यासाठी माध्यम शिल्लक राहत नाही.