दाहक संधिवाताच्या पहिल्या वर्षातच हृदयाची काळजी कशी घ्यावी

बोटांचे सांधे सुजू लागले, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळेनाशी झाली आणि तपासणीत आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), सोरायसिसबरोबर येणारा संधिवात किंवा पाठीच्या कण्याचा दाहक संधिवात निघाला, की रुग्णाचे आणि घरच्यांचे सगळे लक्ष साहजिकच सांध्यांकडे लागते. या आजारांत हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो, हे मात्र पुष्कळ रुग्णांच्या कानावर उशिराच पडते. आमवाताच्या रुग्णांत हा धोका त्याच वयाच्या इतर माणसांच्या तुलनेत सुमारे दीडपट धरला जातो आणि बोटे वाकडी होईपर्यंत तो थांबून राहत नाही. म्हणून निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच हृदयाच्या तपासणीला सुरुवात करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सांध्यांत दाह निर्माण करणारी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 यांसारखी द्रव्ये रक्तातून सर्व शरीरात फिरतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात, आणि त्यामुळे तेथे चरबीचे थर लवकर साचतात व सहज फुटतात. याचा अर्थ असा, की सांध्यांचा दाह लवकर आटोक्यात आणणे हाच हृदय सांभाळण्याचा पहिला उपाय आहे. गोव्यात पावसाळ्यात चिकुनगुनियाचा ताप येऊन गेल्यावर सांधे दीर्घकाळ दुखत राहण्याचा अनुभव अनेकांना असतो, त्यामुळे खऱ्या आमवाताची सूजही ‘तापानंतरचे दुखणे’ म्हणून अंगावर काढली जाण्याची शक्यता असते. सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे, पाठवणी मागून घ्यावी. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मूळ रोगावरचे औषध सुरू व्हावे, हे युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ‘युलार’ने, घालून दिलेले उद्दिष्ट आहे.

पहिल्याच भेटीत रक्तदाब, वजन, कमरेचा घेर, रक्तातील साखर, मूत्रपिंडाचे कार्य आणि कोलेस्टेरॉल यांच्या नोंदी करून घ्याव्यात, धूम्रपानाची सवय असल्यास ती लपवू नये, आणि आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल तर तेही आवर्जून सांगावे. रक्तदाब घरी मोजत असाल तर पाच मिनिटे शांत बसून, दोन वेळा मोजावा, आणि खांदा किंवा कोपर सुजलेल्या हाताला पट्टा बांधू नये. आठवडाभराच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांना भेटावे.

कोलेस्टेरॉलच्या अहवालाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथेच रुग्णांची आणि कधीकधी डॉक्टरांचीही फसगत होते. शरीरात दाह भडकलेला असताना एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, हे दोन्ही आकडे खाली येतात, धोका मात्र वाढलेला असतो. म्हणून सीआरपी आणि ईएसआर हे दाह दाखवणारे रक्तातील आकडे चढलेले असताना आलेला ‘नॉर्मल’ अहवाल पाहून निश्चिंत होणे चूक ठरते. पुढे औषधे लागू पडून सांधे शांत झाले, की हेच आकडे वर जातात, आणि ‘औषधाने चरबी वाढवली’ असे समजून काही रुग्ण गुणकारी औषध परस्पर बंद करून टाकतात. तसे करू नये. सुरुवातीची तपासणी ठेवावीच, पण आजार स्थिरावल्यावर ती पुन्हा करून घ्यावी आणि उपचाराचा निर्णय या दुसऱ्या अहवालावरून घेतला जावा. वजनाचेही तसेच आहे: दाहामुळे स्नायू झिजतात, काटा घटलेले वजन दाखवतो आणि पोटावरची चरबी तशीच राहते, म्हणून कमरेचा घेर मोजणे अधिक उपयुक्त ठरते.

या आकड्यांवरून पुढील दहा वर्षांतील धोका काढता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दक्षिण आशियासाठी दिलेल्या तक्त्यात संधिवाताची गणना नाही, त्यामुळे आमवात असल्यास तेथे आलेल्या आकड्याला दीडने गुणावे, असे युलारचे मार्गदर्शन सांगते. क्यूरिस्क-3 या ब्रिटिश गणकयंत्रात आमवात आधीच धरलेला आहे, तेथे पुन्हा गुणू नये. ही मोजणी निदान पाच वर्षांतून एकदा, तसेच संधिवाताच्या औषधांत मोठा बदल झाल्यावर करून घ्यावी. चाळिशीच्या आतल्या स्त्रीचा आकडा वयामुळे लहानच येतो. तिला आमवात असेल, तर केवळ त्या आकड्यावर विसंबून रक्तदाब आणि साखर यांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये.

औषधांपैकी सर्वांत मोठी चिंता चिठ्ठीशिवाय घेतलेल्या वेदनाशामकांची आहे. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात घर सारवण्यापासून नेवऱ्या तळण्यापर्यंतचे काम उरकायचे म्हणून फार्मसीतून डायक्लोफेनॅकची पाकिटे आणली जातात. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, अंगात पाणी साठते, आणि ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी डायक्लोफेनॅक घेऊच नये. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये, कारण ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शक्य तितक्या कमी मात्रेत आणि कमी काळ असावे, परंतु आठवडेच्या आठवडे घेतल्यावर ते एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. सकाळी ही गोळी घेणाऱ्यांची साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची साखर मात्र ठीक दिसू शकते. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतरची तपासणी मागून घ्यावी. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, त्याच्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड असते, आणि ते घेत असताना फेणी किंवा अन्य मद्य टाळलेले बरे. या औषधाने आमवात आटोक्यात राहिलेल्या रुग्णांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आहे. लेफ्लुनोमाइड हे संधिवाताचे दुसरे औषध सुरू केल्यावर रक्तदाब वारंवार पाहावा. टोफॅसिटिनिब ही संधिवाताची गोळी सुचवली गेली, तर वय, धूम्रपान आणि हृदयाचा इतिहास यांविषयी स्पष्ट चर्चा करावी, कारण 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या आणि हृदयविकाराचा किमान एक जोखीमघटक असलेल्या रुग्णांवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत टीएनएफ-रोधक औषधांच्या तुलनेत त्यावर हृदयविकार आणि कर्करोग हे दोन्ही अधिक दिसले.

आहारात आपल्याकडील बांगडा आणि तारले हे मासे सोयीचेच आहेत, ते तळण्याऐवजी हुमणात, म्हणजे नारळाच्या आमटीत, घ्यावेत. खरी अडचण मिठाची आहे: पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, साठवलेली सुकी मासळी, खारवलेली लोणची आणि पेजेबरोबरची मिस्कूट (कैरीचे लोणचे) यांतून पावसाळाभर किती मीठ पोटात जाते याचा अंदाज येत नाही, आणि रक्तदाब चढलेल्या माणसाने यांतले एकच, तेही चवीपुरते, पानात ठेवावे. चालण्यासाठी पणजीत मीरामारच्या मऊ वाळूपेक्षा कांपालचा सपाट पदपथ घोट्यांना मानवतो. आठवड्याला दीडशे मिनिटांचे उद्दिष्ट दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांतही पुरे होते, फक्त सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्याच्यावर भार देऊ नये. धूम्रपानाने आमवात बळावतो, औषधे कमी लागू पडतात आणि रक्तवाहिन्याही बिघडतात; त्याबाबत कमी-अधिकचा प्रश्नच नाही, ते सोडावे.

छातीत दाब, श्वास लागणे, घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणे ही लक्षणे संधिवाताच्या रुग्णात खांद्याचे किंवा बरगड्यांचे दुखणे समजून सोडून दिली जाऊ शकतात. अशा वेळी काणकोण किंवा वाळपईहून खासगी गाडीने थेट बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठण्याचा प्रयत्न न करता 108 ला फोन करावा. ‘स्टेमी गोवा’ या हृदयविकाराच्या झटक्यावरील तातडीच्या उपचारांच्या प्रकल्पात जोडलेल्या केंद्रांतून ईसीजी या महाविद्यालयातील तज्ज्ञांना दाखवला जातो आणि गरज असल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच देता येते. सोबत सर्व औषधांची लिहिलेली यादी न्यावी आणि प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगावे, कारण रुग्णालयात दाखल झाल्यावर ते नकळत बंद पडले तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.