पद्मिनी बंद पडली की आधी काय बघायचं

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून आलेल्या पोरांना स्कॅनर लावता येतो, पण ॲम्बॅसडरचं बॉनेट उघडलं की हात थांबतो. त्यात त्यांचा दोष नाही. हिंदुस्थान मोटर्सनं ॲम्बॅसडर 2014 साली बंद केली, पद्मिनी, म्हणजे आपली फिएट, त्याच्याही कितीतरी आधी गेली. शिकायला गाडीच समोर येत नाही. तरी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वडिलांची आठवण म्हणून जपलेल्या गाड्या अजून निघतात. खंडेनवमी जवळ आली की शेडमधनं काढून ढकलत आणतात आणि ‘मेस्त्री, पूजेला चालू पाहिजे’ म्हणून सांगून जातात. उद्यमबागेच्या बाजूला गॅरेजात हे काम करतो म्हणून नव्या पोरांसाठी चार गोष्टी लिहितो.

पान्याला हात लावायच्या आधी मालकाला बोलतं करा. ‘काय झालं?’ विचारलं तर तो सरळ ‘कॉइल गेलीय’ असं निदानच सांगतो. त्यापेक्षा कधी बंद पडली ते विचारा. थंड असताना की तापल्यावर? पावसात की खड्ड्यात आदळल्यावर? एकदम की अडखळत? चावी काढल्यासारखी गप्प झाली तर बहुतेक करंटचं दुखणं असतं. दम तोडत, हिसके देत थांबली तर आधी पेट्रोलकडे बघावं. हा काही कायदा नव्हे, पण अर्धा दिवस वाचतो.

मग स्पार्क. कॉइल म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज वाढवून स्पार्क तयार करणारी, आणि डेल्को म्हणजे तो स्पार्क पाळीपाळीनं प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर. कॉइलमधून डेल्कोच्या टोपीत जाणारी मधली जाड वायर टोपीतून काढा, इन्सुलेशनवाल्या पक्कडीत धरा आणि टोक इंजिनच्या कोऱ्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कार्बोरेटर गळत असेल तर आधी ते पुसून कोरडं करा, नाहीतर गाडीच पेटायची. निळा, चटचट आवाज करणारा स्पार्क आला तर कॉइल, पॉइंट (डेल्कोतला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) यांना हात लावायचं कारण नाही. दोष पुढं टोपी, रोटर (टोपीच्या आत फिरणारा तुकडा), वायरी, प्लगमध्ये किंवा पेट्रोलमध्ये. पिवळट, मरतुकडा आला किंवा आलाच नाही तर मागं वळा.

इथं बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लागतो. मीटर असला तरी सेल्फ फिरताना आकड्यापेक्षा दिव्याची उघडझाप लवकर समजते. कॉइलच्या ज्या टर्मिनलवरून वायर डेल्कोकडे जाते तिथं लॅम्पचं एक टोक, दुसरं अर्थला. चावी ऑन करून सेल्फ मारा. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. उघडझाप होत असेल तर पॉइंट काम करतायत. मग संशय कंडेन्सरवर आणि कॉइलवर. दिवा सारखा पेटलेलाच राहिला तर पॉइंट टेकत नाहीत, टेकले तरी तोंडावर काजळी आहे, किंवा आतली वायर तुटलीय. पेटतच नसेल तर कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलवर चावीकडून करंट येतोय का बघा. येत असेल तर कॉइलची आतली तार तुटलीय किंवा डेल्कोत कुठंतरी अर्थ होतोय: पॉइंट बसवताना फायबरचं वॉशर चुकीच्या जागी गेलं किंवा कंडेन्सर शॉर्ट झाला.

आतल्या वायरीचं म्हटलं ते नीट ऐका, कारण नवशिक्यांना सगळ्यात जास्त घाम हीच फोडते. ॲम्बॅसडरच्या डेल्कोत व्हॅक्यूम ॲडव्हान्स असतो. ॲक्सिलेटर थोडा दाबला की तो पॉइंटची प्लेट सरकवतो. त्या प्लेटबरोबर एक बोटभर लांबीची मऊ वायर हलत राहते. वर्षानुवर्षं हलून आतले तांब्याचे धागे तुटतात, वरचं आवरण मात्र धडधाकट. गाडी गॅरेजात आयडलला झकास चालते, रस्त्यावर हलका ॲक्सिलेटर दिला की मिसिंग. मालक वैतागतो, मेस्त्री कार्बोरेटर खोलतो, जेट धुतो, काही फरक पडत नाही. उपाय सोपा आहे. इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचा बारीक पाइप कार्बोरेटरकडून सोडवा आणि तोंडानं ओढा. प्लेट सरकते आणि त्याच क्षणी इंजिन गचके खाऊ लागलं, तर चोर सापडला. टोपी काढून ती वायर चिमट्यानं हलकी ओढली तर रबरासारखी ताणली जाते.

पॉइंटचा गॅप ॲम्बॅसडरला 0.014 ते 0.016 इंच, म्हणजे साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर. फिएटचा वेगळा, तो तिच्या पुस्तकात बघूनच घ्या. पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) कॅमच्या, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्याच्या, बरोबर टोकावर असताना मोजायचा. पोरं अर्धवट उघडलेल्या पॉइंटमध्ये फीलर गेजचं पान घालतात आणि मग टायमिंगला, म्हणजे स्पार्क पडायच्या वेळेला, शिव्या देतात. टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागं पडतं, म्हणून गॅप केला की टायमिंग तपासलंच पाहिजे. गॅप दर कॅमला वेगळा येत असेल तर टोपी काढून शाफ्ट बाजूला हलवून बघा. खडखडला तर बुश झिजलाय. नवा डेल्को शोधत मुंबईला फोन लावण्याआधी उद्यमबागेत लेथवाल्याकडून गनमेटलचं बुश करून घ्या. हे सुख सगळ्या गावांत नाही.

कंडेन्सरबद्दल माझं मत जरा कडवट आहे. नवा म्हणजे चांगला, हे डोक्यातून काढा. बाजारातले काही डब्यातून निघतानाच मेलेले असतात. चांगला सापडला की एक जपून ठेवायचा. गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर तो बाहेरूनच कॉइलच्या पॉइंटवाल्या टर्मिनलला आणि अर्थला क्लिप लावून बघा. जुना आतून तुटला असेल तर स्पार्क लगेच सुधारतो; शॉर्ट असेल तर जुना काढल्याशिवाय कळणार नाही. कंडेन्सर बदलूनही तापल्यावर तेच रडगाणं असेल तर कॉइल. साध्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे दोन छोट्या टर्मिनलमधल्या तारेचा, रेझिस्टन्स तीन ओहमच्या आसपास असतो. दीड ओहमची, बॅलास्टसोबत (बाहेरून जोडायचा रेझिस्टन्स) चालणारी कॉइल कुणी तशीच लावली असेल तर करंट दुप्पट होतो आणि पॉइंट जळत राहतात. आणि रेडिओ ऐकायला चावी ऑन ठेवून बसू नका; पॉइंट मिटलेले असले तर कॉइल नुसती भाजते.

पावसाळ्यात आपल्याकडचं दुखणं निराळं. जुलैत कणकुंबी, चोर्ला घाटातनं आलेली गाडी सकाळी चालूच होत नाही, दुपारी ऊन पडलं की होते. टोपीच्या आत ओल धरते. पुसून कोरडी करा, पण तिथंच थांबू नका. आत दोन टर्मिनलच्या मधे पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती टोपी फेकायची. टोपीतला मधला कार्बन बोटानं दाबला की स्प्रिंगनं परत उसळतो का तेही बघा. रात्री शेडमधला दिवा बंद करून इंजिन चालू ठेवलं की वायरीतून कुठं ठिणग्या गळतायत ते डोळ्यांनी दिसतं. वायरी काढताना खुणा करा. दोन्ही गाड्यांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना स्पार्क मिळायचा क्रम, 1-3-4-2 आहे, तरी पोरं अदलाबदल करतातच.

शेवटी पैशाचं. तासभर शोधून दहा रुपयांची वायर बदलली की मालक म्हणतो, ‘एवढंच केलात की हो!’ म्हणून गाडी आत घेतानाच तपासणीची मजुरी वेगळी सांगा, आणि काढलेला जुना माल पिशवीत घालून त्याच्या हातात द्या.