टस्कनीतल्या जुन्या व्हिलात उतरण्याआधी विजेचं विचारा

इटलीतल्या टस्कनी प्रांतात ऑलिव्ह-द्राक्षांच्या मळ्यातली, डागडुजी केलेली जुनी दगडी व्हिला सुट्टीसाठी घेत असाल, तर बुकिंगआधी मालकाला नक्की विचारा: विजेची जोडणी किती किलोवॅटची आहे? इटलीत घरगुती जोडणी बहुधा ३ किलोवॅटचीच असते. इंडक्शनवर कुकर, शेजारी विजेची किटली आणि त्याच वेळी वॉशिंग मशीन लावलं, की भार जास्त होऊन मुख्य खटका पडतो आणि अख्खं घर अंधारात. हा खटका कुठे आहे, ते पोचल्या दिवशी उजेडातच पाहून ठेवा. काही ठिकाणी तो मीटरपाशी, घराबाहेर असतो आणि रात्री मळ्यात मिट्ट काळोख असतो.

ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी स्वेटर-मोजे घ्यायलाच हवेत. टस्कनीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या हवामानपट्ट्यात नियमानुसार हीटिंग साधारण १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, तेही दिवसाला १२ तासांपर्यंतच चालवता येतं. जाड दगडी भिंती एकदा गार पडल्या की लवकर तापत नाहीत. आजी-आजोबा सोबत असतील तर हे फार जाणवतं. उन्हाळ्यात त्याच भिंती सुखाच्या वाटतात, फक्त दुपारी खिडक्यांची लाकडी झडपं बंद ठेवायची आणि रात्री उघडायची.

किराणा मात्र शनिवारीच भरा, खेड्यातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात.